मिशनरी वृत्ती आणि विरी गेलेले पीठ

'मिशनरी' हा शब्द मराठीत मोठ्या गमतीने रुळला आहे. धर्मप्रसारक मिशनऱ्यांविषयी मनात अढी बाळगणारे सद्गृहस्थही दुर्गम भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्याचा गौरव करताना 'मिशनरी वृत्तीचा माणूस' असेच म्हणतात. या वृत्तीत त्याग, साधेपणा, चिकाटी, सेवाभाव अशा अनेक गुणांचा समावेश होतो. गौरवपर लेखांतून आणि सत्काराच्या भाषणांतून आपण त्यांची यादी वारंवार ऐकतो. त्या यादीत स्वयंपाकाचा समावेश झालेला मात्र आमच्या वाचनात वा ऐकण्यात कधी आलेला नाही. रानावनात सेवा करणाऱ्या या माणसाच्या ताटात दुपारी बारा वाजता भाकरी येते ती कोणाच्या हातची, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आम्हा उभयतांना तो विचारावा लागला, कारण गेली काही वर्षे या ना त्या निमित्ताने अशी मुलेमुली हदगावी आमच्या घरी येऊन राहू लागली आहेत. पैनगंगेच्या अलीकडचे हे तालुक्याचे गाव. नदी ओलांडली की विदर्भ. येणाऱ्यांपैकी कोणी भामरागडला निघालेले असते, कोणी मेळघाटात, कोणी धडगावला, तर कोणी आमच्याच जिल्ह्यातल्या किनवटच्या डोंगराळ गावांत. कोणी डॉक्टर, कोणी समाजकार्याचे पदवीधर, कोणी शिक्षक. त्यांना वर्ष-दोन वर्षे अशा जागी काढायची असतात, जिथे दुकान दूर, गॅसची टाकी बेभरवशाची आणि पावसाळ्यात रस्ताही बेभरवशाचा. आमच्याकडे ती दहा दिवस राहतात आणि मूळ धान्यापासून ताटापर्यंतचा स्वयंपाक शिकतात.

पाककृती आम्ही पहिल्या दिवशी शिकवत नाही. पहिला दिवस धान्याचा. ज्वारी निवडायची, खडे काढायचे, जात्यावर निदान एक पायली तरी दळायची. गिरणी असताना हा अट्टहास का, असे प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर पिठाच्या डब्यात असते. धान्य नीट वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवले तर वर्षभर टिकते; पीठ टिकत नाही. जुन्या पिठाची विरी जाते. ज्याने कधी भाकरी थापलेली नाही त्याला हा शब्द ठाऊक नसतो, आणि ज्याने थापली आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. गव्हात चिकटपणा देणारे ग्लुटेन असते तसे ज्वारीत नाही. त्यामुळे ताजे पीठ, कढत पाणी आणि तळहाताने नेटाने मळणे या तिन्हींवरच भाकरीचे एकसंध राहणे अवलंबून असते. कढत पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि पीठ धरून राहते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी परातीतच कडेने तडकते. अशा वेळी उकड काढून मळावी, म्हणजे निभावते. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकते न सुकते तोच उलटायची आणि अखेर आरावर शेकायची. हे सारे वहीत चार ओळींत मावते; हाताला यायला चार दिवस लागतात.

दुसरा मोठा धडा टिकवणुकीचा. ताजी भाजी मिळत नाही अशा आठवड्यांत माणसाने काय खावे, याचा विचार मराठवाड्याच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवला आहे. दुष्काळी मुलखात तो करावाच लागतो. भिजवून वाटलेल्या डाळींचे सांडगे, कुरडया, जवसाची आणि कारळाची चटणी, वाळवलेली अंबाडी, मेतकूट. आणि सर्वांत उपयोगी म्हणजे येसर. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ डब्यात असले, की घरात कांदा नसो, खोबरे नसो, फोडणीच्या पाण्यात दोन मुठी कालवून पाव तासात आमटी होते. दिवसभर पायपीट करून रात्री आठला परतलेल्या माणसासाठी याहून मोठा दिलासा आम्हाला माहीत नाही.

ही तयारी कोणाला अतिरेकी वाटेल. 1973 च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथे वीज नव्हती, धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात नद्यांनी वाट अडवली की महिनोन्‌महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. तो काळ मागे पडला असे म्हणावे, तर 2024 च्या पावसाळ्यातही पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला. प्रकाश आमट्यांच्या रुग्णसेवेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मंदाकिनीताई स्वतः भूलतज्ज्ञ डॉक्टर. रुग्णसेवेत त्यांचा वाटा बरोबरीचा. परंतु त्या आरंभीच्या वर्षांतल्या चुलीविषयी आपले कुतूहल किती तोकडे आहे, याचे आम्हाला नवल वाटते. मेळघाटातल्या बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे यांनी भावी पत्नीला घातलेल्या अटी प्रसिद्ध आहेत. महिना चारशे रुपयांत संसार करण्याची तयारी हवी, ही त्यांतली एक. ते ऐकून आपण त्यागाने भारावतो. चारशे रुपयांत महिन्याचे धान्य, तेल, मीठ कसे बसवले असेल, हा हिशेब मात्र आपण मांडत नाही.

मूळच्या मिशनऱ्यांची गोष्ट याहून वेगळी होती. 1888 साली फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन इंग्रज बायकांनी 'द कम्प्लीट इंडियन हाउसकीपर अँड कुक' हे पुस्तक लिहिले. त्यात पाककृती आहेतच. पण मुख्य शिकवण आहे ती नोकरांवर देखरेख कशी ठेवावी, कोठीचा हिशेब कसा घ्यावा याची. स्वयंपाक खानसाम्याने करायचा. लेखिका मिशनरी नव्हत्या. परंतु मिशनच्या बंगल्यांतली व्यवस्था फारशी निराळी नव्हती. पुढे मसुरीजवळच्या लँडूरला अमेरिकन मिशनरी बायकांनी आपापल्या पाककृतींचा संग्रह केला. त्यातला मायदेशी केक हिमालयात फुगवण्याचा खटाटोप लोभस आहे. मात्र त्या स्वयंपाकघराचे तोंड आपल्या गावाकडे वळलेले होते, समोरच्या गावाकडे नव्हते.

उलट दिशेचे उदाहरण मराठीतच आहे. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या काळात लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ राहू लागल्या, तेव्हा त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले होते. 'स्मृतिचित्रे' वाचताना आम्हाला नेहमी वाटते, की त्या बाईंचे खरे धर्मांतर बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी पिण्याच्या पाण्याने झाले. कोणाच्या हातचे खातो, याचे उत्तर बदलले तेव्हा माणूस बदलला.

आमच्या मुलांपुढेही हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा राहतो. मागे एका तुकडीतला परभणीकडचा मुलगा तिसऱ्या दिवशी हात पोळल्यावर म्हणाला, "काकू, तिथं सैंपाकाला एखादी बाई लावून घेऊ की."

"लाव की," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "पन ती रानात कवा जाईल, अन् तिच्या लेकरांचं कवा करील, ते बी इचार तिला."

मुलाच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. ज्या डॉक्टरच्या दारात सकाळपासून रुग्णांची रांग लागते, त्याने दोन तास चुलीपुढे घालवणे हा वेळेचा अपव्ययच. शिवाय योग्य वेतन दिले तर गावातल्या एका घराला चार पैसे मिळतात. त्यात वाईट काही नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्याला स्वयंपाक येत नाही, तो त्या बाईचे श्रम मोजू शकत नाही. ती आजारी पडली, तर तिच्या तब्येतीआधी त्याला जेवणाची चिंता पडते. गावाला स्वावलंबन शिकवायला आलेला हा तरुण दोन वेळच्या जेवणापुरता त्या गावावर ओझे होऊन बसतो. आणि हे ओझे नेहमी बाईच्याच डोक्यावर जाते. आमच्याकडे येणाऱ्या मुलींनाही स्वयंपाक येतोच असे नाही. पण 'बाई लावू' हे त्यांच्यापैकी एकीनेही अद्याप म्हटलेले नाही. 'तिथे मीच सगळ्यांचा स्वयंपाक करीत बसेन का,' ही भीती मात्र अनेकींनी बोलून दाखवली. म्हणून आमच्या घरी पाळ्या असतात आणि त्या कोणालाही टळत नाहीत. दोन मुले पाळीवरून रुसून पाचव्या दिवशी निघून गेली. आम्ही त्यांना थांबवले नाही.

आमच्या शिकवण्याला मर्यादा आहे, आणि ती भामरागडकडे गेलेल्या एका मुलीच्या पत्राने नेमकी दाखवली. तिने लिहिले, की इथे ज्वारी नाही. इथे भात आहे, आंबील आहे, मोहाची फुले आहेत. तुमची भाकरी इथे काय कामाची? शेजारच्या माडिया बाईजवळ बसून तिने भात आंबवणे शिकून घेतले होते. तिचा हात चुकला की ती बाई हसे, आणि त्या हसण्यातूनच पुढे दवाखान्याच्या गोष्टी निघू लागल्या होत्या. गावात इंजेक्शनला घाबरणारी लेकरे कोणाची, बाळंतीण कुठल्या घरात आहे, हे तिला चुलीपाशी कळले.

ते पत्र आल्यापासून आम्ही शेवटच्या दिवसाचा धडा बदलला. आता त्या दिवशी भाकरी करायची नाही. मुलांनी अनोळखी घरी जायचे आणि पाच गोष्टी विचारून यायच्या: धान्य कोणते, ते कशात साठवता, चुलीला जळण कुठले, आंबटाला काय घालता, आणि घरात सर्वांत शेवटी कोण जेवते. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे मुले भराभर लिहून आणतात. पाचवा प्रश्न विचारताना बहुतेकांची जीभ अडखळते, आणि उत्तर सगळ्या घरांतून जवळजवळ सारखेच येते. त्या संध्याकाळी जेवायला बसताना मुले आपण होऊन वाढण्याची पाळी बदलून घेतात. आम्ही त्यावर काही बोलत नाही.