गुण साठवले बँकेत, रथ पाहिला हंपीत

मैत्रिणींनो, पर्समधली निळी पन्नासाची नोट जरा बाहेर काढा बघू. मागच्या बाजूला एक दगडी रथ दिसेल. २०१७ सालापासून ही नोट आपण भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला देतो, पण रथाकडे कुणाचं लक्ष जातं? हा रथ हंपीचा, तिथल्या विठ्ठल मंदिराच्या आवारातला. तो पाहायला जाण्याची तिघांची रेल्वेची तिकिटं आणि एका रात्रीची खोली, एवढा खर्च आम्ही नुसती घरातली बिलं भरून काढला, असं सांगितलं तर खरं वाटेल?

हंपीच का, ते आधी सांगते. माझ्या सासूबाई वारकरी घरातल्या. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती आपल्या राजधानीत नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी आपल्याकडे परंपरेने चालत आलेली कथा आहे. "विठोबा जिथं राहून आला ते घर एकदा बघायचंय गं," असं त्या नेहमी म्हणायच्या. पण दर वर्षी शाळेची फी, विम्याचा हप्ता, कुणाचं तरी लग्न! प्रवासाचा डबा काही भरत नव्हता, आणि त्यांचे गुडघे काही थांबायला तयार नव्हते.

तेव्हा आमच्या ह्यांच्या क्रेडिट कार्डावर मी माझ्या नावाचं जोडकार्ड घेतलं आणि नियम केला : जो खर्च एरवी होणारच आहे, तोच कार्डावर करायचा. वीज, गॅस, औषधं, वर्षाच्या धान्याची भरणी. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही ते चालू लागलं. नणंदेच्या मुलीच्या लग्नातल्या साड्यांचं बिल मी कार्डावर भरलं आणि नणंदेकडून तेवढे पैसे त्याच दिवशी बँकेत जमा करून घेतले. खर्च त्यांचा, गुण आमचे!

आता हिशेब बघा. आमच्या कार्डावर शंभर रुपयांच्या खर्चाला साधारण एक रुपया मोलाचे गुण मिळतात. महिना पंचवीस हजारांचा खर्च धरला तर अडीचशे रुपये. दोन वर्षांत सहा हजार. भिशीसारखंच म्हणा ना, फक्त हप्ता वेगळा काढावा लागत नाही.

अमेरिकेत तर लोकांनी कमाल केली होती. तिथली सरकारी टांकसाळ २००८ पासून एक डॉलरची नाणी दर्शनी किमतीला घरपोच देत होती, तीही टपालखर्च न घेता. काही हुशार मंडळींनी कार्डावर हजारो नाणी मागवली, आली तशी बँकेत भरली, त्याच पैशांतून कार्डाचं बिल चुकतं केलं आणि विमानप्रवासाचे गुण खिशात टाकले. शेवटी जुलै २०११ मध्ये टांकसाळीने या नाण्यांसाठी कार्ड घेणंच बंद केलं. आपल्याकडेही घरभाडं कार्डावर भरून गुण मिळवणारे वाढले, तेव्हा २०२२ पासून बँका त्यावर एक टक्का शुल्क लावू लागल्या. थोडक्यात, फार फुकट दिसणारी वाट फार दिवस मोकळी राहत नाही.

आणि आता कळीची गोष्ट. बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक लहानसा आकडा असतो. तो भरला म्हणजे झालं, असं वाटतं. तसं नाही हो! बऱ्याच कार्डांवर राहिलेल्या रकमेला महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. पंचवीस हजार एक महिना राहिले तर व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून हजाराच्या वर जातात. चार महिन्यांचे गुण एका फटक्यात गेले! शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. कार्डाने रोख रक्कम काढली तरी तेच. आमच्या ओळखीतल्या एका घरात गुणांच्या मोहाने फ्रीज घेतला गेला, त्या बिलाची किमान रक्कम भरत भरत वर्ष गेलं आणि शेवटी बांगड्या गहाण पडल्या. म्हणून मी कार्डावर खर्च केला की तेवढे पैसे त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकते. बिल आलं की पूर्ण भरायचं, एक रुपयाही मागे ठेवायचा नाही.

असो. डिसेंबरात मिरजेहून हुबळी, हुबळीहून होस्पेट असे आम्ही गेलो. तिथून हंपी तेरा किलोमीटर. थंडीचेच दिवस निवडा. उन्हाळ्यात तिथले दगड तव्यासारखे तापतात. विठ्ठल मंदिराच्या अलीकडे वाहनं थांबवतात आणि पुढे बॅटरीच्या गाडीतून नेतात, त्यामुळे गुडघ्यांची काळजी मिटली. वाटेवर दोन्ही बाजूंना जुन्या बाजारपेठेचे दगडी खांब उभे आहेत. १५६५ च्या लढाईनंतर हे वैभवशाली नगर लुटलं गेलं, उजाड झालं. १९८६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. विरूपाक्षाच्या देवळात मात्र आजही पूजा चालते. तिथे एका अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या भोकातून येणाऱ्या उजेडाने गोपुराची उलटी सावली पडते, ती मुलांना जरूर दाखवा.

विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. मला वाटलं, सासूबाई हिरमुसतील. त्या उंबऱ्याशी टेकल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "रिकामंच असणार गं. तो आपल्याकडं परत आलाय ना!"

नदीकाठचा नारळवाला आणि गोल टोपलीसारख्या होडीतून फिरवणारा नावाडी यांच्यासाठी सुटे पैसे जवळ ठेवा. तिथे कार्डाचा उपयोग नाही.

तुम्हालाही असं करायचं असेल, तर आधी वर्षभराचा घरखर्च वहीत मांडा. कार्डाची वार्षिक फी किती, कोणत्या खर्चावर गुण मिळत नाहीत, गुण कधी बाद होतात, हे बँकेला विचारा. बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठी खरेदी केली तर पैसे भरायला पंचेचाळीस-पन्नास दिवस मिळतात, हेही ध्यानात ठेवा. आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरणं जमणार नसेल, तर सरळ भिशी लावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. तिच्या पैशांनीही गाडी हंपीलाच पोचते.