बीदरचा एक मिनार

काचबिंदूने बाबांचा डावा डोळा गेला, तेव्हापासून पायरी कुठे संपते ते त्यांना चटकन कळत नाही. तरी या दिवाळीत ते भालकीहून माझ्याबरोबर बीदरला आले.

महमूद गवानने 1472 साली बांधलेल्या मदरशाचा आता एकच मिनार उभा आहे. दुसरा 17व्या शतकाच्या अखेरीस बारुदाच्या स्फोटात पडला. मी मोबाइलवर फोटो काढत भिंतीकडेने फिरू लागलो.

"काय करायलास रे?" बाबांनी विचारलं.

सांगितलं, की आपले दोन डोळे एकच वस्तू जराशा वेगळ्या कोनांतून पाहतात. त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. इथे कॅमेरा एकच, पण दर पावलाला फोटो घेतला, की सॉफ्टवेअर तोच फरक मोजून त्रिमितीय प्रतिकृती तयार करतं.

"म्हंजे एका डोळ्यानं बी जमतंय. हलायला पाहिजे फक्त."

परतताना पायऱ्यांशी ते थांबले. मान डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिली आणि माझा हात न धरता उतरले.

प्रतिकृतीत चमकत्या निळ्या फरशांच्या जागी भोकं पडलीत. उन्हाची तिरीप नको, ढगाळ दिवस हवा. बाबांनी पुढची तारीख विचारून ठेवली आहे.