पगार : एका पोर्तुगीज क्रियापदाचा मुक्काम

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी मागे टाकते आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी तीन स्थानके ओळीने येतात. तिन्ही गावांची जडणघडण भिन्न. परंतु तिन्ही ठिकाणी बाजाराची भरती-ओहोटी एकाच शब्दावर चालत आली आहे. तो शब्द म्हणजे पगार.

हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. वसईवर त्यांचा अंमल १५३४ ते १७३९ असा दोन शतकांहून अधिक काळ होता; गोव्यात तो १९६१ पर्यंत टिकला. त्या सहवासातून चावी, लिलाव, घमेले हे शब्द मराठीत रुळले, तसाच पगारही. मूळ पोर्तुगीजमध्ये मात्र 'पागार' हे नाम नसून नित्याच्या वापरातील क्रियापद आहे. त्याचा उगम 'शांत करणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. देणे चुकते झाले की घेणेकऱ्याचे मन शांत होते, हा त्यामागील भाव. फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेला 'पे' हाही त्याच कुळातला. तरीही 'पागार'चे भाषांतर दर वेळी 'पे' करून भागत नाही.

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीचे ठिकाण. फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथे वसले आणि १९४९ मध्ये 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. अशा बाजारपेठेत 'पागार'चे व्यवहारी अर्थ सहज उलगडतात. 'पागार आ कोन्ता' म्हणजे बिल देणे. तेथे इंग्रजी 'पे' चालतो. 'पागार उमा दीविदा' म्हणजे कर्ज फेडणे. तेथे 'रीपे' किंवा 'सेटल' म्हणावे लागते. मित्राला कॉफी 'पागार' केली, तर इंग्रजीत ती त्याच्यासाठी 'बाय' केली असे म्हणतात. आपण सरळ म्हणतो, कॉफी पाजली.

अंबरनाथला या शब्दाची दोन रूपे दिसतात. १९२३ साली स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा काडेपेटीचा कारखाना, पुढे आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत यांमुळे हे गाव पगारदारांचे झाले. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने हजारांहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांना महिना संपल्यावर सात दिवसांत आणि मोठ्या आस्थापनांना दहा दिवसांत पगार देण्याचे बंधन घातले. ती तारीख चुकली की कामगाराच्या घरी चूल अडते आणि किराणा दुकानातील उधारीचे पानही अडते. एकाचा पगार ही दुसऱ्याची वसुली असते.

त्याच गावात शिलाहारांच्या काळातील, १०६० च्या शिलालेखाचे शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. देवस्थानी बोललेला नवस पुरा करण्यासही पोर्तुगीजमध्ये 'पागार'च म्हणतात : 'पागार उमा प्रोमेसा'. येथे इंग्रजी 'पे' अवघडतो. 'कीप' किंवा 'फुलफिल' घ्यावा लागतो. १९६२ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या एका ब्राझिलियन चित्रपटाच्या नावाचा शब्दशः अर्थ 'नवस फेडणारा' असा आहे. इंग्रजीत त्याचे 'द गिव्हन वर्ड', म्हणजे 'दिलेला शब्द', झाले आणि फेडण्याची क्रियाच नावातून गळाली. मराठी भाषांतरकाराला मात्र शोधाशोध करावी लागत नाही. कर्ज फेडणे, नवस फेडणे, आईवडिलांचे पांग फेडणे, या सर्वांस आपले एकच क्रियापद पुरते.

घोडे बदलण्याची जागा म्हणून बदलापूर, अशी लोकव्युत्पत्ती सांगतात. 'पागार'ही मराठीत येताना असाच बदलला. देण्याची क्रिया मागे राहिली आणि हाती पडणारी रक्कम तेवढी पगार ठरली. पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणारी बदलापूरची असंख्य कुटुंबे त्या रकमेवर घराचे हप्ते भरतात. पगार जमा होतो तेव्हा घरात आनंद असतो. पण मूळ शब्दातील शांती लाभते ती शेवटचा हप्ता फिटल्यावरच.

व्यापारी घरांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. वहीत जमेची बाजू असते, तशी नावेचीही असते. पोर्तुगीज शब्दातून मराठीने जमेची बाजू उचलली. नावेची बाजू 'फेडणे' या आपल्या जुन्या शब्दाने आधीच सांभाळली होती.