मावळच्या वाऱ्यापावसात बिनतारी हेडसेट

बिनतारी हेडसेटमध्ये तीन गोष्टी एकत्र असतात : कानाशी बसणारा स्पीकर, तोंडाकडे वळलेला माइक आणि या दोघांना खिशातल्या फोनशी जोडणारा छोटा रेडिओ. स्पीकर वापरणाऱ्याच्या सोयीचा, तर माइक पलीकडे ऐकणाऱ्याच्या सोयीचा. दुकानात कानाला लावून पारख होते ती स्पीकरची. कामाचे फोन मात्र अडतात माइकपाशी. गाण्यांसाठी उत्तम असलेला संच बोलण्याच्या कामात पुष्कळदा कुचकामी ठरतो तो यामुळेच. पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने आणि एरवीही डोंगरउतारावरून येणारा वारा असल्याने हा फरक लवकर कळून येतो.

पुढील विवेचन प्रस्तुत लेखकाच्या रोजच्या वापरातून आलेले आहे. लेखकाचे राहणे कामशेतला आणि काम पवन मावळातल्या पॉलिहाऊसमधून गुलाब गोळा करून दादरच्या फूलबाजारात, हंगामात निर्यातदारांकडे, पाठवण्याचे. व्हॅलेंटाइन डेच्या परदेशी मागणीचा माल जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निघतो. त्या दिवसांत पहाटे काढणी, पाठोपाठ प्रतवारी आणि लगेच शीतगृह असा क्रम चालतो. एका हातात कटर, दुसऱ्या हातात काटेरी दांडे आणि दोन्ही हातांत मोजे. फोन नेमके त्याच वेळी वाजतात : टेम्पो कुठवर आला, दांड्याची लांबी किती, आज भाव काय. मोजा चढवलेल्या बोटाला फोनचा पडदा दाद देत नाही आणि खांदा व कान यांच्यामध्ये फोन धरून बोलल्यास संध्याकाळी मान अवघडते. कानावरचे एक बटण दाबून फोन घेता येणे ही अशा कामात चैन राहत नाही. लोणावळ्यातला चिक्कीच्या दुकानाचा गल्ला, बंगल्यांची देखभाल किंवा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतले गोदाम इथेही गरज तीच असते.

हेडसेट आणि फोन यांच्यातले संभाषण ब्लूटूथ या रेडिओ पद्धतीने चालते. एरिक्सन या स्वीडिश कंपनीत १९९४ मध्ये तिच्यावर काम सुरू झाले आणि १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा यांनी मिळून तिच्यासाठी संघटना स्थापन केली. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात चालते. वाय-फायही तिथेच असते. एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून मूळ ब्लूटूथ आपली वारंवारता सेकंदाला १,६०० वेळा बदलते. तिच्यासाठी ७९ मार्गिका आखलेल्या आहेत. पुणे–लोणावळा लोकलच्या एकाच डब्यात कितीतरी जण कानात काही ना काही घालून बसलेले असतात, तरी एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात जात नाही. वारंवारतेची ही पळापळ आणि प्रत्येक जोडीची स्वतंत्र सांकेतिक किल्ली यांमुळे ते साधते.

गाणी आणि बोलणे यांसाठी ब्लूटूथच्या पद्धती वेगळ्या आहेत. गाण्यांच्या वेळी आवाज एकाच दिशेने, फोनकडून कानाकडे जातो. फोन उचलताच माइकही सुरू होतो, आवाजाला दोन्ही दिशांनी जावे लागते आणि हेडसेट ‘हँड्सफ्री’ पद्धतीवर येतो. एवढा वेळ भरदार वाटणारा आवाज अचानक पातळ होतो तो या बदलामुळे. जुन्या व स्वस्त संचांत बोलण्याचे नमुने सेकंदाला ८,००० घेतले जातात, म्हणजे सुमारे ४,००० हर्ट्झच्या वरचा आवाज गाळला जातो. २०११ पासून आलेल्या सुधारित पद्धतीत हे नमुने १६,००० असतात. हा फरक मराठी आकड्यांत नेमका जाणवतो. ‘स’ची सळसळ बहुतांशी ४,००० हर्ट्झच्या वर असते. ती गळली की ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फारसे अंतर उरत नाही. साठ जुड्या सांगितल्या आणि पलीकडे आठ ऐकू आल्या, तर टेम्पोतली जागा चुकते आणि भावाचा हिशेबही. म्हणून खोक्यावर ‘वाइडबँड’ किंवा ‘एचडी व्हॉइस’ असा उल्लेख आहे का हे आधी पाहावे. फोन आणि मोबाइल सेवा दोन्ही व्होल्टीईसारख्या पद्धतीवर चालत असतील तरच त्याचा पूर्ण उपयोग होतो.

गोंगाट कमी करण्याच्या दोन सोयी जाहिरातींत शेजारी शेजारी छापलेल्या असतात आणि गिऱ्हाइकाची गल्लत होते ती तिथे. एएनसी वापरणाऱ्याच्या कानात येणारा बाहेरचा आवाज दाबते. पलीकडच्याला तिचा काही उपयोग नसतो. ईएनसी माइकमध्ये शिरणारा गोंगाट गाळते आणि तिचा लाभ पलीकडच्याला होतो. ईएनसीसाठी बहुधा दोन किंवा अधिक माइक वापरतात. तोंडाजवळच्या माइकवर बोलणाऱ्याचा आवाज जोरात पोहोचतो, तर लांबचा गोंगाट सगळ्या माइकवर जवळपास सारखाच येतो. या फरकावरून चिप बोलणे वेगळे काढते. लोकलमधली गडबड, जनरेटरची घरघर, पॉलिहाऊसमधल्या फॉगरचा आवाज यांवर ही युक्ती चांगली चालते.

वाऱ्यापुढे ती हतबल होते. वाऱ्याचा आवाज लांबून येत नाही. माइकच्या भोकाशीच हवेचे भोवरे होऊन तो तयार होतो आणि प्रत्येक माइकवर वेगळा असतो. लायन्स पॉइंटच्या कड्यावर किंवा पवनेच्या धरणाच्या काठावर उभे राहून बोलले की महागडा इअरबडही पलीकडे नुसती खरखर पोहोचवतो. इथे उपाय साधाच : माइकवर स्पंजची टोपी आणि माइक तोंडाच्या जवळ. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, तीही कोणत्याही चिपशिवाय. गालावर पुढे आलेली दांडी असलेला हेडसेट दिसायला ओबडधोबड असला, तरी उघड्यावरच्या कामात तोच सरस ठरतो. वाऱ्याकडे पाठ करून बोलणे हा बिनखर्चाचा उपाय.

घडणीनुसार हेडसेटचे चार प्रकार नेहमी आढळतात. एका कानाचा दांडीवाला संच बोलण्यासाठीच बनवलेला असतो. दुसरा कान मोकळा राहत असल्याने मागून येणारा ट्रॅक्टर किंवा मजुराची हाक ऐकू येते. गळ्यात अडकवायचा नेकबँड मावळात सर्वांत जास्त दिसतो. स्वस्त, बॅटरी मोठी, कानातून निसटला तरी गळ्यात राहणारा. त्याचा माइक मात्र बहुधा गळ्याशी असतो आणि शर्टाची कॉलर किंवा रेनकोट त्यावर घासत राहतो. सुटे इअरबड खिशात मावतात, पण चिखलात पडलेला एक बड शोधणे अवघड आणि एकट्याने विकत मिळणे त्याहून अवघड. हाडांतून आवाज पोहोचवणारा संच कानाची वाट पूर्ण उघडी ठेवतो; गोंगाटाच्या जागी मात्र त्यावरचे बोलणे क्षीण वाटते. लेखकाने उघड्यावरच्या कामासाठी एका कानाचा दांडीवाला आणि प्रवासासाठी नेकबँड अशी विभागणी केली आहे.

पाण्यापासूनचा बचाव आयपी या मानांकनाने सांगितला जातो. आयपीएक्स४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धार सोसणारा, तर आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तळेगावकडे जाताना तो झपाट्याने घटतो. वडगाव–तळेगावच्या बाजूला आयपीएक्स४ पुरते. खंडाळा–लोणावळा आणि पवनेच्या खोऱ्यात पावसात हिंडणाऱ्याने त्यावरचा संच पाहावा. ही चाचणी स्वच्छ पाण्यावर होते. घाम, साबण आणि फवारणीचे औषध यांची हमी त्यात नसते. इअरबडची डबीही बहुधा पाण्यापासून सुरक्षित नसते. ओला संच डबीत ठेवला किंवा लगेच चार्जिंगला लावला की संपर्काच्या पितळी टिकल्यांवर हिरवट थर धरतो. संच कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवल्यास पावसाळा निभावतो. फवारणी चालू असताना हेडसेट उतरवून बाहेर ठेवणेच योग्य. औषधाचा हात कानाला लागता कामा नये.

बॅटरीचे खोक्यावरचे तास बहुधा गाण्यांचे असतात. बोलताना माइक आणि गोंगाटाची गाळणी दोन्ही चालत असल्याने ते बरेच कमी भरतात. म्हणून ‘टॉक टाइम’ वेगळा विचारावा. फुले २ ते ४ अंश सेल्सिअसला ठेवणाऱ्या शीतगृहात लिथियम बॅटरीची ताकद तात्पुरती घटते आणि बाहेर येताच पूर्ववत होते. शीतगृहाच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी पत्रा असतो. फोन बाहेरच्या टेबलावर आणि हेडसेट कानात घेऊन आत गेले की दार लागताक्षणी संबंध तुटतो, कारण ब्लूटूथचे तरंग पत्र्यातून जात नाहीत.

फोनवरचे बोलणे तुटले की दोष सरसकट हेडसेटवर जातो, तो योग्य नसतो. पलीकडचा आवाज तुटक होऊन हेडसेट ‘डिसकनेक्टेड’ म्हणाला आणि फोन कानाला लावताच बोलणे चालू सापडले, तर ब्लूटूथचा दोष. फोनवरही काहीच ऐकू आले नाही, तर मोबाइलची रेंज गेलेली. कर्जत ते खंडाळा हा १८६३ मध्ये सुरू झालेला रेल्वेचा घाट बोगद्यांनी भरलेला आहे. तिथे बोलणे तुटते ते दुसऱ्या कारणाने, आणि कोणताही हेडसेट त्यावर उपाय नाही. पवनेच्या जलाशयाभोवतीच्या खोलगट वस्त्यांतही तेच. ब्लूटूथचा दोष बहुधा शरीरामुळे येतो : २.४ गिगाहर्ट्झचे तरंग पाणी शोषून घेते आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचेच असते. हेडसेट उजव्या कानावर आणि फोन डाव्या मागच्या खिशात असेल तर आवाज तुटतो. फोन उजव्या बाजूच्या वरच्या खिशात आणला की सुधारतो.

खरेदीची कसोटी यावरूनच ठरते. दुकानात गाणे ऐकून निर्णय न घेता संच आपल्या फोनला जोडावा, दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेला यावे आणि घरच्या किंवा धंद्यातल्या माणसाला फोन लावून आकडे मिसळून दोन वाक्ये बोलावीत. पलीकडच्याने आकडे बरोबर परत सांगितले तर संच कामाचा. पंख्यासमोर उभे राहून हेच केले की वाऱ्याचीही परीक्षा होते. खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह आणि क्रमांक आहे का, दुरुस्ती केंद्र पुणे किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये आहे का आणि चार्जिंगची वायर फोनचीच चालते का, हेही विचारून घ्यावे. बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या संचापेक्षा दाबायचे बटण असलेला संच मोज्यांना आणि ओल्या हातांना मानवतो.

वापरातली एक अडचण मोटारीत येते. गाडी सुरू होताच फोन हेडसेट सोडून गाडीच्या स्टिरिओला जोडला जातो आणि धंद्याचे बोलणे टेम्पोतल्या सगळ्यांना ऐकू येते. फोनच्या ब्लूटूथ यादीत स्टिरिओच्या नावापुढची फोनकॉलची परवानगी बंद केली की गाणी तिकडे आणि फोन इकडे राहतात. एकाच वेळी दोन फोनना जोडून घेणाऱ्या ‘मल्टिपॉइंट’ संचाने धंद्याचा आणि घरचा असे दोन फोन सांभाळता येतात.

वाहन चालवताना हेडसेट वापरण्याचा प्रश्न घाटाच्या तालुक्यात टाळता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरलेले संपर्कसाधन वापरणे कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात घातले. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हात मोकळे झाले म्हणजे लक्षही मोकळे झाले असे मात्र नाही. टोरांटोमध्ये झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडेलमायर व टिबशिरानी यांच्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला आणि हँड्सफ्री फोनने तो कमी झाल्याचे दिसले नाही. बोरघाटाच्या उतारावर, धुक्यात आणि कंटेनरच्या रांगेत भावाची घासाघीस करणे म्हणजे नजर रस्त्यावर ठेवून मन बाजारात ठेवणे. लेखकाची पद्धत अशी : घाटात फोन वाजू द्यायचा, उतार संपल्यावर गाडी सुरक्षित जागी थांबवून उलट फोन करायचा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्याने दुचाकीस्वार जुन्या रस्त्याने जातात. त्यांनी हेल्मेटखाली इअरबड घालणे अधिक धोक्याचे, कारण मागच्या ट्रकचा भोंगा त्यांना कानानेच कळायचा असतो. रेल्वेचे रूळ ओलांडताना कानात काहीही नसावे.

कानाची निगा शेवटी येते, पण दुर्लक्षिण्याजोगी नाही. दमट हवेत कानाची वाट तासन्‌तास बंद राहिली की बुरशी धरते आणि खाज सुटते. कानात बसणारे रबरी बोळे आठवड्यातून एकदा काढून धुवावेत, पूर्ण वाळवूनच बसवावेत, दुसऱ्याला वापरायला देऊ नयेत आणि कान आलटूनपालटून वापरावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. गोंगाटात आवाज वाढवत नेण्यापेक्षा दुसरा कान तळव्याने झाकावा किंवा बाजूला जाऊन बोलावे.

नियमित वापरात दोन-तीन वर्षांत बॅटरी उतरते. बहुतेक लहान संचांत ती बदलता येत नाही, म्हणून किंमत ठरवताना तेवढेच आयुष्य धरावे. बॅटरी फुगलेली दिसल्यास चार्जिंग ताबडतोब थांबवावे. निकामी संच ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावा; लिथियम बॅटरी चेपली किंवा भोसकली गेली तर पेट घेऊ शकते.