टोकियोत काय खाल्लं?

कंपनीनं तीन महिन्यांसाठी टोकियोला पाठवायचं ठरवलं, तेव्हा अम्मीचा पहिला प्रश्न होता, "तिथं खाशील काय?" सोबत निघालेला सहकारी माळकरी. त्याच्या आईनंही हेच विचारलं म्हणे.

माणच्या ऑफिसात आम्ही दोन वर्षं एकाच टीममध्ये, पण जेवायला वेगळ्या टेबलांवर. भांडण नव्हतं. त्याला माझ्या डब्याचा वास नको असायचा, मला "आज काय आणलंय?" हा प्रश्न.

टोकियोत दोघेही सारखेच अडकलो. रामेनचं सूप बऱ्याच ठिकाणी डुकराच्या हाडांचं. साध्या भाजीच्या रश्शातही 'दाशी', म्हणजे बहुतेकदा वाळवलेल्या माशाचा अर्क. तिथं तो थांबायचा. 'मिरिन' म्हणजे तांदळाची गोड दारू, तिथं मी. दुकानात लेबलवर फोन धरून भाषांतर वाचत उभे राहायचो. आंबट-खारट उमेबोशी भरलेला भाताचा गोळा, ओनिगिरी, दोघांनाही चालेल असं वाटायचं. कधी त्यातही मासा निघायचा.

शिंजुकूत महानगर सरकारच्या इमारतीवरून, २०२ मीटर उंचावरून, फुकट शहर पाहिलं. तिथूनच नाकामुराया गाठलं. क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानला पळून आले, त्यांना या दुकानाच्या मालकांनी आसरा दिला, पुढं ते त्यांचे जावई झाले आणि १९२७ पासून इथं भारतीय करी मिळू लागली. आम्ही इतिहास वाचला, करी खाल्ली नाही. चिकन म्हणून त्यानं, हलालची खात्री नाही म्हणून मी.

जुम्म्याला योयोगी-उएहाराच्या मशिदीत गेलो. रशियातून आलेल्या तातारांनी १९३८ मध्ये उभारलेली. आताची उस्मानी घाटाची इमारत २००० सालची. तोही आला, मागं शांत बसून घुमटाकडं पाहत राहिला. आसाकुसाच्या सेन्सोजी देवळात त्यानं हात जोडले, मी तो भलामोठा लाल कंदील पाहिला.

शिन-ओकुबोच्या हलाल दुकानांतून तूरडाळ, तांदूळ, मसाला आणला. खोलीत पातेलं एकच. मी त्यात चिकन शिजवलं नाही. त्यानं सांगितलं नव्हतं.

परतून सहा महिने झाले. कॅन्टीनात तो कधी माझ्या टेबलावर येतो, कधी जुन्या ग्रुपात बसतो. तिकडं बसला की माझ्याकडं बघत नाही.