घरातील दिवे आणि त्यांच्या जागा

नवे घर सजवताना फरशी, पडदे आणि फर्निचर यांवर महिनोन्‌महिने चर्चा होते. दिव्यांचा विचार मात्र बहुधा छताचे काम सुरू झाल्यावर, वायरमन दाराशी येऊन उभा राहिला की घाईघाईने केला जातो. पुण्यातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी तो थोडा आधी झाला, याचे श्रेय त्यांच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईंकडे जाते.

सजावटकाराने आणलेला नकाशा झोकदार होता. दिवाणखान्याच्या छतात १८ गोल दिवे, कडेने लपवलेली प्रकाशाची पट्टी, जेवणाच्या टेबलावर लोंबते तीन दिवे. आईंच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला छतापर्यंतचे कपाट होते आणि त्यामागे खिडकी निम्मी झाकली जात होती. खोलीत चार दिवे दिले असल्याने उजेडाची उणीव भासणार नाही, असे त्याचे म्हणणे. आईंनी नकाशा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि दोनच प्रश्न विचारले. "सामायिकात मी बटणाला हात लावत नाही. मग पोथी कशाच्या उजेडात वाचू?" हा पहिला. दुसरा मुलाकडे पाहून होता. "टेबलावर हे तीन दिवे कोणासाठी रे? आपल्याकडे तर दिवस असेतोवर जेवणे उरकतात ना?"

दुसऱ्या प्रश्नावर कोणीच बोलले नाही. दुकान साडेआठला बंद होते, मुलगा साडेनऊला जेवतो आणि सूनबाई ताट झाकून वाट पाहतात, हे घरात सर्वांना ठाऊक होते. आईंनाही होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे त्यामानाने सोपे गेले. वीज सचित्त की अचित्त, हा वाद जाणकार साधुसंतांवर सोपवावा. पण ४८ मिनिटांच्या सामायिकात दिवा लावायचा नाही, हा आईंचा नेम चाळीस वर्षांचा आहे. त्या नेमापुढे खोलीतील चारही दिवे निरुपयोगी होते. त्या खोलीतील खरा दिवा म्हणजे पूर्वेची खिडकी. कपाट दक्षिणेच्या भिंतीला गेले आणि आसन उत्तराभिमुख मांडले गेले. पूर्वेकडे तोंड केले तर ऊन डोळ्यांवर येते आणि पान अंधारात राहते. उत्तरेकडे तोंड केले की सकाळचा प्रकाश उजव्या अंगाने सरळ पानावर उतरतो.

दुपारनंतरचे वाचन हा निराळा विषय. वय वाढले की डोळ्याचे भिंग पिवळट होते, बाहुली लहान होते. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत छताला अधिक दिवे ठोकले जातात, आणि तरीही त्यांना दिसत नाही, कारण छतातला दिवा डोक्यामागून येतो आणि वाचणाऱ्याची सावली त्याच्याच पुस्तकावर पडते. दिव्याचे अंतर निम्मे केले तर त्याचा उजेड चौपट होतो. आईंच्या खुर्चीशेजारी, खांद्याच्या उंचीवर, वाकवता येणारा एक लहान दिवा बसवला आणि छतातले दोन कमी केले. जुन्या पेढ्यांवर मुनीमजींचा दिवा डाव्या हाताला ठेवत, तोही लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडू नये म्हणूनच.

आश्चर्य असे की हे सारे ज्ञान व्यापाऱ्याच्या गाठीशी असते. कापडाचा रंग दिव्यागणिक बदलतो, हे ज्याने आयुष्यभर पाहिले, दाराशी उजेडात कापड नेऊन निरखणारे गिऱ्हाईक ज्याने रोज हाताळले, तोच माणूस घरासाठी दिवे घेताना फक्त वॅट विचारतो. वॅट म्हणजे खाल्लेली वीज. मिळालेला प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. नऊ वॅटचा एलईडी जुन्या साठ वॅटच्या बल्बच्या तोडीचा उजेड देतो. त्याच खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: २७०० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. तिसरा आकडा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचे १०० पैकी माप. आरशापाशी आणि कपड्यांच्या कपाटापाशी तो ९०च्या वर असावा. जिन्यात किंवा मोरीत ८० पुरे. दुकानाचा दिवा माल उठून दिसावा म्हणून असतो. तोच भगभगीत पांढरा उजेड दिवाणखान्यात आणला की पाहुणे काउंटरपलीकडे बसल्यासारखे वाटतात.

जैन घराला केल्विनचा आणखी एक अर्थ आहे. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी ट्यूबलाइटभोवती घोंगावते आणि सकाळी फरशीवर पंखांचा सडा पडतो, हे दृश्य प्रत्येकाने पाहिलेले आहे. निळसर आणि अतिनील किरणांकडे कीटक अधिक ओढले जातात, पिवळसर प्रकाशाकडे कमी. जुन्या मंदिरांत ज्योतीभोवती काचेचे आवरण असे, ते हीच जयणा सांभाळण्यासाठी. आता ज्योत नाही, पण जीव तेच आहेत. म्हणून या घराच्या बाल्कनीत २७०० केल्विनचा एकच दिवा बसला, तोंड खाली केलेला, उघड्या आकाशाकडे प्रकाश न फेकणारा; आणि चातुर्मासात खिडक्यांचे पडदे दिवेलागणीलाच ओढायचे, असे ठरले.

दिवाणखान्यातील अठरा दिव्यांवर आईंनी आक्षेप घेतला नाही, फक्त हसून म्हणाल्या, "भगवंतांचे निर्वाण झाले तेव्हा अठरा गणराजांनी दिवे लावले. ती रात्र वर्षातून एकदाच येते." शेवटी छतात सहा राहिले आणि बाकीचे काम दोन उभ्या दिव्यांनी केले. लपवलेली पट्टी ठेवली, पण तिचे बटण वेगळे काढून घेतले. रात्री उठणाऱ्या आईंसाठी न्हाणीघराच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीला अर्ध्या वॅटचा दिवा लागला. सगळ्या घरात याच दिव्याची किंमत सर्वांत कमी होती.

टेबलावरचे तीन दिवे एकावर आले. त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही. पण आषाढ लागताच दुकानात संध्याकाळी सहाला डबा पोहोचू लागला. त्या दिवसांत पुण्यात सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, त्यामुळे चौविहार सहज साधला आणि टेबलावरचा दिवा कित्येक आठवडे लागलाच नाही. अडचण आली ती आश्विनात. दिवस आखडत सहापर्यंत आला आणि दिवाळीची गिऱ्हाइकी नेमकी पाच ते आठ. पहिल्या दिवशी डबा तसाच परत आला, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या रात्री साडेनऊला टेबलावरचा दिवा लागला. आई आपल्या खोलीच्या दारात आल्या. दिवा टेबलापासून चार फूट उंच होता. त्यांनी सूनबाईंना तो अडीच फुटांवर घ्यायला सांगितले, म्हणजे ताटात काय पडले ते नीट दिसेल.