अम्माच्या चार कोंबड्या

अम्मा गेल्या जूनमध्ये महापोलीहून वळला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी, दोन गोधड्या आणि डालग्यात चार कोंबड्या होत्या. पेटीला आणि गोधड्यांना जागा करायला अर्धा तास लागला. कोंबड्यांना चार महिने लागले.

अब्बा गेल्यापासून अम्मा महापोलीत एकटीच होती. भाऊ कुवेतला. घराच्या मागच्या भिंतीला तडा गेला होता, पावसात ती भिंत टिकेल असं कोणीच खात्रीने सांगेना. म्हणून मी आणि माझ्या मिस्टरांनी जाऊन तिला आणलं. ‘पावसाळ्यापुरती येते’ असं तिने निघताना शेजारच्यांना चारदा सांगितलं. आपल्याकडे आई लेकीच्या घरी राहायला आली की लोक आधी चहा घेतात आणि मग विचारतात, “किती दिवस?” अम्माला हा प्रश्न यायच्या आधीच उत्तर तयार ठेवायचं होतं.

आमच्या घरात आधीच कोंबड्या होत्या, आणि त्या सासूबाईंच्या होत्या. पाच गिरिराजा आणि एक गावठी कोंबडा. गिरिराजा ही बंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली जात, अंगाने दांडगी. आमची सगळ्यात थोरली, जिला सासूबाई बेगम म्हणतात, ती तीन किलोच्या पुढे भरेल. अम्माच्या चारांमध्ये एक जुनी गावठी कोंबडी होती, काळी, सव्वा किलोची. बाकीच्या दोन वेगवेगळ्या उबवणीतल्या तीन तलंगा. दोन अडीच महिन्यांच्या, अर्ध्या अर्ध्या किलोच्या. तिसरी जेमतेम पाच आठवड्यांची, ओंजळीत मावेल एवढी. तिला तलंग म्हणणंही जास्तच, पिल्लूच ते. तांबूस रंगाचं.

शेजारच्या आगरी मावशींनी कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाल्या, “रातची सोर त्यांना.” म्हणजे नवी कोंबडी दिवसा सोडायची नाही, अंधार पडल्यावर खुराड्यात इतरांच्या शेजारी नेऊन बसवायची. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती भांडत नाही, आणि सकाळी जागी होते तेव्हा शेजारीण रात्रभर शेजारीच होती. सल्ला खरा आहे. मावशींनी आयुष्यभर तसंच केलं आहे. मी तो अर्धाच ऐकला.

मगरिबनंतर मी चौघींना खुराड्यात ठेवलं आणि दार लावून घेतलं. सकाळी फजरची नमाज पढून डोळा लागला, शाळेच्या घाईत उठले, दार उघडलं तेव्हा चांगलं उजाडून तास झाला होता. काळी एका कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभी होती. दोन तलंगा बेगमच्या पोहोचीच्या बाहेर, वरच्या दांडीवर. पिल्लू तुसात पडलं होतं. डोक्यावरचं कातडं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, “लहान होतं गं, चुकून झालं असेल.” अम्मा काही बोलली नाही. तिने त्या दिवशी दुपारी माझ्या हाताने वाढलेलं जेवण घेतलं नाही, रोजा आहे म्हणाली. सोमवार नव्हता, गुरुवारही नव्हता.

चूक कुठे झाली ते मला पुढच्या काही दिवसांत कळत गेलं. रात्री सोडायचं तर पहाटे दार उघडायला आपण हजर हवं. उजेड होताच कोंबड्यांना समोर अनोळखी डोकं दिसतं (त्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून) आणि टोचाटोची सुरू होते. दार उघडं असेल तर हरलेली पळते आणि भांडण तिथेच संपतं. बंद खुराड्यात हरलेली पळणार कुठे? आणि लहान असणं हे कोंबड्यांमध्ये माफीचं कारण नसतं. कोंबडी माया करते ती स्वतः उबवलेल्या पिलांवर. बाकीच्यांसाठी ते पिल्लू म्हणजे दाण्याला तोंड घालणारं आणखी एक.

दुसरी गोष्ट जागेची. महापोलीत अम्माच्या कोंबड्या दिवसभर गवताच्या उडवीपासून शेताच्या बांधापर्यंत फिरायच्या. नवी आली, मार बसला, तर ती उडवीखाली जाऊन बसायची, संध्याकाळपर्यंत राग निवलेला असायचा. वळमध्येही असंच होतं म्हणतात, माझं लग्न व्हायच्या आधी. आता पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर, वळ, कुठेही जा, भातशेतीच्या जागी गोदामं आहेत. आमच्या परसाच्या तीन बाजूंना भिंती, त्यातली मागची एका गोदामाची. वीस फूट लांब, बारा फूट रुंद. मावशींचा सल्ला ज्या परसासाठी होता, तो परसच राहिलेला नाही.

नॉर्वेच्या टोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे या संशोधकाला कोंबड्यांचा नाद लहानपणापासून. कोण कोणाला टोचते, कोण मुकाट सहन करते, याच्या तो नोंदी ठेवायचा. १९२२ साली त्याने ते जर्मनमध्ये प्रसिद्ध केलं. एका कळपात प्रत्येक कोंबडीची जागा ठरलेली असते, वरची खालचीला टोचते, खालची वरचीला नाही. त्याला असंही दिसलं की ही उतरंड नेहमी सरळ नसते. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी फिरून पहिलीलाच! हे वाचून मला आमच्या टीचर्स रूमची आठवण झाली, पण ते पुन्हा कधीतरी. मुद्दा असा की नवी कोंबडी आली की ती एकटीच जागा शोधत नाही, सगळ्या कळपाची उतरंड पुन्हा लागते. म्हणून जुन्याही बिथरतात.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. जिन्याखालची जागा जाळी लावून वेगळी केली आणि काळी व दोन तलंगा तिथे हलवल्या. खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, भांडणासाठी नाही, आजारासाठी. बाहेरून आलेली कोंबडी दोन ते चार आठवडे लांब ठेवायची असते, कारण ती धडधाकट दिसत असतानाही रोग आणू शकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात, वेहळोलीला, बर्ड फ्लू निघाला होता, तेव्हा आसपासच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या. इतकं लांब कशाला, मानमोडी म्हणजे राणीखेत अख्खं खुराडं चार दिवसांत रिकामं करते. मी तलंगांना दवाखान्यात नेऊन राणीखेतची लस टोचून आणली. दोघी एक दिवस मलूल होत्या, मग ठीक झाल्या.

अम्माला हे वेगळं ठेवणं सोपं गेलं. झबीहा करायच्या आधी, उकिरड्यावर फिरणारी कोंबडी तीन दिवस बांधून स्वच्छ दाणा घालायची, ही तिची जुनी शिस्त. हजरत इब्ने उमर असं करत, असं ती सांगते. “तीनाचे तीस दिवस धर,” ती म्हणाली. घरात आल्यापासून स्वतःहून बोललेलं तिचं ते पहिलं लांब वाक्य होतं.

जाळीतून दोन्हीकडच्या कोंबड्या एकमेकींना दिसायच्या, टोचू शकायच्या नाहीत. पहिले चार दिवस बेगम जाळीवर पिसं फुलवून धावायची. मग तिला कंटाळा आला. दाण्याची भांडी मी जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ ठेवायची, म्हणजे खाताना शेजार घडे. दाण्याचा एक घोळ मात्र मला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सोडवून दिला. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि ते वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. एकत्र खायचं असेल तर सगळ्यांना वाढीचंच खाद्य द्यायचं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. ज्या अंडी देतात त्या आपल्या गरजेने चुरा खातात, तलंगा त्याला फारसं तोंड लावत नाहीत.

तीन आठवड्यांनी आधी काळीला बाहेर सोडलं, दिवसा, शनिवारी, मी घरी असताना. बेगम आणि ती समोरासमोर आल्या, माना ताणल्या, चारदा उडून भिडल्या. काळी हरली, मान खाली घालून बाजूला झाली, आणि दहा मिनिटांत प्रकरण मिटलं. मोठी कोंबडी हरू शकते. तिच्या हरण्याला किंमत असते, समोरची ते मान्य करते. लहानाला हरण्याइतकंही अंग नसतं.

मी गेली अठरा वर्षं उर्दू शाळेत मराठी शिकवते. वर्षाच्या मध्येच उत्तर प्रदेशातून एखादं पोर येतं, वडील लूमवर. मराठी ऐकलेलीही नसते. मी त्याला पहिल्या बाकावर, वर्गातल्या सगळ्यात हुशार पोराशेजारी बसवायची, आणि मला वाटायचं केवढं भलं केलं. आता आधी दाराजवळचा बाक देते.

तलंगांसाठी मी जाळीत खाली एक भोक पाडलं, त्या जातील पण गिरिराजा जाणार नाही एवढं. त्या बाहेर यायच्या, मार बसायची चिन्हं दिसली की भोकातून आत. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बाहेर, आठवड्याने अर्धा दिवस. तरी बेगमने एकीच्या डोक्यावर रक्त काढलंच. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्याही टोचायला धावतात, म्हणून जांभळं औषध लावून ते झाकलं आणि तिला आत घेतलं.

त्या संध्याकाळी मी शाळेतून आलेल्या वह्या तपासत बसले होते. मागच्या दाराने पाहिलं तर सासूबाई गुडघ्यांवर हात टेकत वाकून बेगमला धरत होत्या. त्यांनी तिला डालग्याखाली घातलं, वर पाटा ठेवला, आणि डालगं उचलून ओट्याच्या पार पलीकडे नेलं, जिथून कळप दिसत नाही. “चार दिवस राहू दे तिथे,” एवढंच म्हणाल्या. अम्मा जिन्याच्या पायरीवर बसली होती. थोड्या वेळाने ती उठली, वाटीत पाणी घेतलं आणि डालग्याखाली सरकवलं.

हा उपाय लागू पडतो, कारण वरची कोंबडी काही दिवस गैरहजर राहिली की तिची जागा दुसरी घेते, आणि परत येते तेव्हा तीच नवी असते. पाचव्या दिवशी बेगम बाहेर आली तेव्हा तिलाच दोन टोची बसल्या. सासूबाईंना ते आवडलं नाही, पण बोलल्या नाहीत.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत जाळी काढली. तलंगा अजून सगळ्यात शेवटी खातात आणि दांडीच्या दाराकडच्या टोकाला झोपतात. काळी मात्र खुडूक बसली. उर्दूत तिला कुडक म्हणतात, माझी मुलं हा शब्द मराठीत सापडला की वर्गात हसतात. खाली ठेवायला अंडी निवडताना दोघी म्हाताऱ्या तासभर बसल्या होत्या, एकेक उजेडापुढे धरत. अकरा ठेवली. बहुतेक गिरिराजाची, कारण काळीची थोडीच जमली होती.

त्याच आठवड्यात भावाचा कुवेतहून फोन आला. भिंत बांधून झाली आहे, गवंड्याचे पैसे पाठवले, अम्मा कधी परत जाते? अम्माने फोन सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाई म्हणाल्या, “अजून एकवीस दिवस तरी नाही. आणि पिल्लं निघाल्यावर त्यांना टाकून कशी जाईल ती?”